पार्किन्सन्स आणि चिनी वनौषधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्किन्सन्सचं निदान झालं की औषधांच्या आधी घरात सल्ले येऊन पोहोचतात. अलीकडे त्यात चिनी जडीबुटीची भर पडली आहे. कुणी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवतो, कुणाचा भाचा सिंगापूरहून पुडे घेऊन येतो. शुभार्थी (म्हणजे रुग्ण) आणि शुभंकर (त्यांची काळजी घेणारे) जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. हा मजकूर वाचून कुणीही स्वतःची औषधं बदलू नयेत. तो बदल तुमच्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलूनच करायचा.

चिनी औषधांनी पार्किन्सन्स बरा होतो का?

नाही. लेव्होडोपा या आजाराच्या मुख्य औषधानेही होत नाही आणि मेंदूत इलेक्ट्रोड बसवूनही होत नाही. या आजारात मेंदूतल्या ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’ या भागातल्या, डोपामीन हे हालचालींसाठी लागणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. मेलेल्या पेशी परत आणणारं किंवा मरणाऱ्या पेशींना खात्रीने थांबवणारं औषध आज जगात कुठल्याच पद्धतीकडे नाही. ‘मुळापासून बरा’ असं कुणी म्हणत असेल, तर तो बीजिंगचा असो की बुलढाण्याचा, पैसे देण्याआधी उठून यावं.

म्हणजे त्यांचा काहीच उपयोग नाही?

असंही नाही. प्रश्न कशासाठी घ्यायची हा आहे. पार्किन्सन्स म्हणजे नुसती थरथर नसते. बद्धकोष्ठ, तुटक झोप, थकवा, अंगदुखी, उदासी, लाळ गळणं, संध्याकाळी होणारे भास ही सगळी त्याचीच पिलावळ. मूळ औषधं चालू ठेवून यातल्या एखाद्या तक्रारीवर चिनी औषधाची जोड देणं ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. मूळ औषध बंद करून त्याच्या जागी काढा घेणं तशी नाही. पुढची बहुतेक उत्तरं या फरकाभोवतीच फिरतात.

चिनी वैद्यांना हा आजार पूर्वीपासून माहीत होता का?

लक्षणं माहीत होती. जेम्स पार्किन्सन यांनी लंडनमध्ये 1817 साली सहा रुग्णांवरून ‘थरथरणाऱ्या लकव्या’चं वर्णन केलं, त्याच्या कितीतरी आधी चिनी वैद्यांच्या नोंदींत असे रुग्ण दिसतात. जांग त्सोंग-जंग (1156–1228) या वैद्याने साठीला टेकलेल्या एका माणसाबद्दल लिहून ठेवलं आहे. त्याचे हातपाय थरथरत आणि कपडे घालायला नि जेवायलाही दुसऱ्याची मदत लागे. पार्किन्सन्सच्या घरात राहिलेल्या माणसाला हे वर्णन लगेच ओळखू येईल. मात्र वर्णन अचूक होतं म्हणून उपचारही अचूक होता असं होत नाही. हे जांग ओकारी, घाम आणि जुलाब या तीन मार्गांनी आजार बाहेर काढण्यासाठी प्रसिद्ध होते.

त्यांच्या मते हा आजार कशाने होतो?

वाऱ्याने. ‘ह्वांगदी नेइजिंग’ या त्यांच्या प्राचीन वैद्यकग्रंथात एक वचन आहे: वाऱ्याची सगळी थरथर आणि चक्कर यकृताकडे जाते. म्हातारपणी यकृत आणि मूत्रपिंड यांच्यातला ओलावा आटतो, त्यामुळे आत वारा उसळतो आणि तो हातापायांना हलवतो, अशी ही मांडणी. आपल्याकडे कंपवात म्हणतात तिथेही वातच असल्यामुळे मराठी माणसाला हे ओळखीचं वाटतं. एक खुलासा केलेला बरा. ‘तुमचं यकृत बिघडलंय’ असं चिनी वैद्याने सांगितलं म्हणून घाबरून यकृताच्या तपासण्या करायला धावू नका. त्यांच्या मांडणीतलं यकृत म्हणजे कामांचा एक गट, सोनोग्राफीत दिसणारा अवयव नाही.

या मांडणीमुळे एकाच निदानाच्या तीन माणसांना तीन वेगळे काढे मिळतात. एकाला ओलावा वाढवणारा, दुसऱ्याला कफ काढणारा, तिसऱ्याला रक्त वाहतं करणारा. वैद्य जीभ पाहतो, दोन्ही मनगटांची नाडी पाहतो आणि दर थोड्या दिवसांनी काढा बदलतो. डब्यावर नुसतं ‘पार्किन्सन्ससाठी’ असं छापून सगळ्यांना एकच गोळी विकणं त्यांच्या स्वतःच्या शास्त्रालाही मान्य नाही. ऑनलाइन विकणाऱ्यांना हे विचारून पाहावं.

काढ्यात असतं तरी काय?

थरथरीवर सर्वांत जास्त कानावर येणारी नावं दोन, थ्येनमा आणि गौथंग.

थ्येनमा हे एका विचित्र ऑर्किडचं कंद आहे. या झाडाला हिरवी पानंच नसतात. ते स्वतःचं अन्न तयार करत नाही, मातीतल्या बुरशीवर जगतं. म्हणून शेती करताना शेतकरी आधी लाकडाच्या ओंडक्यांवर बुरशी वाढवतात आणि मग कंद लावतात. युन्नान प्रांतातलं झाओथोंग त्यासाठी नावाजलेलं आहे. तिथे कोंबडीच्या रश्श्यातही हे कंद घालतात. गौथंग ही आकड्यांसारखे काटे असलेली वेल.

या दोघांच्या नावाने ओळखला जाणारा ‘थ्येनमा गौथंग यिन’ हा काढा लोक हजारो वर्षांचा समजतात. प्रत्यक्षात अकरा घटकांचा हा काढा विसाव्या शतकातल्या एका चिनी वैद्याने जुळवला, आणि त्याचा मुख्य वापर रक्तदाब, डोकेदुखी आणि चक्कर यांसाठी होतो. रक्तदाबाचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

याशिवाय पांढऱ्या पिओनीची मुळी, ती-ह्वांग नावाची शिजवून काळी केलेली मुळी, वाळवंटात वाढणारी रौत्सोंगरोंग आणि बहुतेक काढ्यांत चवीपुरता ज्येष्ठमध.

आमचं घर शाकाहारी आहे. ही औषधं चालतील का?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, पण आधी तोच विचारायला हवा. ‘वनौषधी’ म्हटलं की आपण पाला-मुळ्या धरून चालतो. चिनी परंपरेत मात्र ‘वारा शमवणाऱ्या’ औषधांत प्राण्यांची रेलचेल आहे: वाळवलेला विंचू, घोण, बुरशीने मेलेला रेशीमकिडा, सायगा हरणाचं शिंग. वर सांगितलेल्या थ्येनमा गौथंग यिनमध्येच समुद्री शिंपल्याचं कवच असतं. थरथरीवर वापरल्या जाणाऱ्या आणखी एका जुन्या काढ्यात कासवाची पाठ, गाढवाच्या कातड्याचा डिंक आणि अंड्याचं बलक आहे. सायगा हरणाच्या व्यापारावर तर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. आजीला सहा महिने पाजून झाल्यावर हे कळण्यापेक्षा घटकांची यादी आधी मागून घ्यावी.

परिणाम होतो याचा पुरावा काय?

चीनमध्ये या विषयावर भरपूर चाचण्या झाल्या आहेत. संख्या ऐकून माणूस दबतो. मात्र त्यातल्या बऱ्याच चाचण्यांची रचना साधारण अशी असते: एका गटाला लेव्होडोपा, दुसऱ्याला लेव्होडोपा अधिक काढा. काही आठवड्यांनी काढा घेणाऱ्यांचे गुण सुधारलेले दिसतात. अडचण अशी, की कोण काढा पितोय हे रुग्णालाही माहीत असतं आणि मोजणाऱ्या डॉक्टरलाही. दुसऱ्या गटाला तशाच वासाचा, तशाच चवीचा खोटा काढा दिलेला नसतो. पार्किन्सन्समध्ये ही त्रुटी इतर आजारांपेक्षा महाग पडते. का, ते पुढे येईल.

खोटं औषध देऊन तुलना केलेल्या मोजक्या चाचण्यांपैकी एक हाँगकाँगची, 2011 साली प्रसिद्ध झालेली. त्यात 55 रुग्ण होते. त्यांची नेहमीची औषधं चालू ठेवून अर्ध्या लोकांना 24 आठवडे एक पारंपरिक मिश्रण दिलं आणि अर्ध्यांना तसंच दिसणारं निरुपद्रवी मिश्रण. संवाद साधण्याच्या क्षमतेच्या गुणांत थोडा फरक दिसला. दिवसातल्या ‘ऑन’ (गोळीचा परिणाम चालू असतानाच्या) आणि ‘ऑफ’ (तो ओसरल्यानंतरच्या) वेळेत फरक पडला नाही. माझ्या मते या क्षेत्राचं प्रामाणिक चित्र हेच आहे. काहीतरी थोडं हाताला लागतं, पण त्यावर आजार सोपवता येत नाही.

‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ असं व्हिडिओत सांगतात, ते खोटं का?

बहुतेक वेळा ते उंदरांविषयी असतं. 1982 च्या सुमाराला कॅलिफोर्नियात भेसळयुक्त मादक द्रव्य टोचून घेतलेल्या काही तरुणांना अचानक पार्किन्सन्ससारखा ताठरपणा आला. त्यातून एमपीटीपी हे विष सापडलं. तेव्हापासून उंदरांना ते देऊन पेशी मारायच्या आणि एखादा पदार्थ त्या वाचवतो का ते पाहायचं, ही प्रयोगशाळेची नेहमीची रीत झाली. चिनी वनस्पतींतले कितीतरी घटक या परीक्षेत उत्तीर्ण होतात. हाँगकाँग बॅप्टिस्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी गौथंगमधले घटक पेशींत साचणाऱ्या अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाची सफाई वाढवतात, असंही दाखवलं आहे. काम गंभीर आहे, त्याची टिंगल करायचं कारण नाही.

पण उंदीर वाचला म्हणजे माणूस वाचतो असं नाही. को-एन्झाइम क्यू10 आणि क्रिएटिन यांनीही उंदरांत आशा दाखवली होती. मग क्यू10 ची 600 रुग्णांवर चाचणी झाली, तिचा निकाल 2014 मध्ये आला: उपयोग नाही. क्रिएटिनची 1,741 रुग्णांवर झाली, निकाल 2015 मध्ये: उपयोग नाही. क्यू10 च्या महागड्या बाटल्या आजही विकल्या जातात, हे जाता जाता.

आमच्या ओळखीच्या काकूंना खरंच फरक पडला. डोळ्यांनी पाहिलाय. तो खोटा कसा?

तो खोटा नाही. 2001 साली कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या संशोधकांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना औषध म्हणून नुसतं मिठाचं पाणी टोचलं आणि मेंदूचं पेट स्कॅन केलं. रुग्णांच्या मेंदूत खरोखर डोपामीन सुटलं होतं. आता बरं वाटणार ही अपेक्षा मेंदूतल्या ज्या वाटेने जाते, तिला डोपामीनच लागतं, आणि पार्किन्सन्समध्ये नेमकी त्याचीच वानवा असते. म्हणून या आजारात आशेचा परिणाम डोळ्यांना दिसतो: पाय मोकळे पडतात, आवाज चढतो, चेहऱ्यावर हसू येतं. काकूंचा फरक खरा. तो काढ्यातल्या मुळीचा की काढा देणाऱ्याने दोन तास आपुलकीने ऐकून घेतल्याचा, एवढंच आपल्याला ठरवता येत नाही.

त्यात हा आजार रोज बदलतो. काल वाईट, आज बरा. माणूस नवं औषध शोधायला बाहेर पडतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात. पुढचा आठवडा बहुधा तसाही जरा बराच गेला असता.

चीनमधले रुग्ण स्वतः काय घेतात?

लेव्होडोपा. तिथे ती बेन्सेराझाइडबरोबर ‘मेइदुओबा’ या नावाने मिळते. आपल्याकडच्या कार्बिडोपाच्या जोडीच्या गोळीची ही चुलत बहीण. पार्किन्सन्सचे सर्वाधिक रुग्ण चीनमध्ये आहेत. तिथल्या पारंपरिक वैद्यकाच्या मोठ्या रुग्णालयांतही एमआरआय असतो, आधुनिक औषधं लिहून दिली जातात आणि काढा सोबतीला असतो. बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात मेंदूत बसवायचा पेसमेकर तयार झाला आणि तो हजारो रुग्णांना बसवला गेला. चिनी आजोबा फक्त मुळ्या उकळून पितात, हे चित्र आपण इथे बसून रंगवलेलं आहे. कादंबरीकार बा जिन आणि गणितज्ञ चेन जिंगरुन यांना हा आजार होता, चीनचे नेते तंग (डेंग) श्याओफिंग यांनाही होता. त्यांच्यासाठी देशातला उत्तमातला उत्तम वैद्य मिळाला असता. बरं मात्र कुणी झालं नाही.

पण डोपाची (म्हणजे लेव्होडोपाची) गोळी केमिकल आणि जडीबुटी नैसर्गिक, हे तर खरं ना?

लेव्होडोपा मुळात शेंगेतूनच सापडली. स्वित्झर्लंडमध्ये मार्कुस गुगेनहाइम यांनी 1913 मध्ये ती बाकल्याच्या शेंगांतून वेगळी काढली. 1937 मध्ये मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुयलीच्या बियांतून काढली. पार्किन्सन्सशी तिचा संबंध तोवर कुणालाच ठाऊक नव्हता.

तो जुळला आणखी एका वनस्पतीमुळे, आणि ती आपली सर्पगंधा. तिच्यातलं रेझर्पिन मेंदूतला डोपामीनचा साठा रिकामा करतं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी 1957 मध्ये सशांना रेझर्पिन दिलं तेव्हा ते कान पाडून निपचित बसले. मग डोपा टोचल्यावर उठून हालचाल करू लागले. पुढे ऑलेह होर्निकीविच यांनी व्हिएन्नामध्ये मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन कमी असल्याचं दाखवलं. 1961 मध्ये तिथेच माणसांना डोपा टोचण्यात आली, आणि 1967 मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी ती तोंडाने मोठ्या मात्रेत देऊन दाखवली. कार्लसन यांना 2000 सालचं नोबेल मिळालं.

म्हणजे एका वनस्पतीने आजारासारखी अवस्था आणली आणि दुसऱ्या वनस्पतीतल्या द्रव्याने ती घालवली. ‘नैसर्गिक’ म्हटल्याने या दोहोंपैकी काय हातात आलंय ते कळत नाही.

मग सरळ खाजकुयलीचं चूर्णच का घेऊ नये?

हा प्रश्न चिनी औषधांचा नाही, पण त्यांच्यापाठोपाठ येतोच. खाजकुयलीत खरोखर लेव्होडोपा असते, म्हणून ती खरोखर काम करते. लंडनमध्ये 2004 मध्ये आठ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत 30 ग्रॅम चूर्णाचा परिणाम गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि जास्त वेळ टिकला. चिनी काढ्यांपेक्षा हा पुरावा सरळ आहे, कारण औषध कुठलं आणि ते कसं काम करतं हे दोन्ही माहीत आहे.

अडचण मात्रेची. गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते छापलेलं असतं. चूर्णात ते बी, जमीन आणि साठवण यांवर बदलतं. शिवाय गोळीत कार्बिडोपा असते, ती डोपा मेंदूत पोहोचण्याआधीच शरीरात खर्च होऊ देत नाही आणि मळमळ आवरते. चूर्णात ती नसते. डॉक्टरांना न सांगता गोळी आणि चूर्ण दोन्ही घेणाऱ्या माणसात डोपाची मात्रा नकळत चढते. मग अंगाला आळोखेपिळोखे पडणं, भास, रक्तदाब खाली जाणं सुरू होतं आणि घरचे म्हणतात, ‘आजार वाढला.’ बाकल्याचंही तसंच, आणि त्यात भर म्हणजे जी-6-पी-डी या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी बाकल्याने फुटतात.

डोपा उशिरा सुरू केली तर बरं, तोवर जडीबुटीवर काढू, असं कुणीतरी सांगितलं.

‘डोपाची ताकद लवकर संपते, ती राखून ठेवा’ हा समज जुना आहे आणि एके काळी डॉक्टरांमध्येही होता. नेदरलँड्समध्ये 445 रुग्णांवर झालेल्या चाचणीत, जिचा निकाल 2019 मध्ये आला, लवकर सुरू करणाऱ्यांना आणि 40 आठवडे उशिरा सुरू करणाऱ्यांना शेवटी सारखीच अवस्था दिसली. लवकर घेतल्याने आजार थांबला नाही, तसा वाढलाही नाही. राखून ठेवल्याने फक्त तेवढे महिने अवघडून जातात. चालू असलेली डोपा एकाएकी बंद करणं तर धोकादायकच आहे: तीव्र ताठरपणा, ताप, शुद्ध हरपणं, रुग्णालयात हलवण्याची वेळ. कुठल्याही वैद्याने ‘आधी ॲलोपॅथी बंद करा, मगच माझं औषध लागू पडेल’ म्हटलं, तर त्याचं औषध सुरूच करू नये.

धोके नेमके कोणते?

इथे जरा सविस्तर, कारण बहुतेक ठिकाणी यावर दोन ओळी लिहून मोकळे होतात.

पहिला धोका रक्तदाबाचा. पार्किन्सन्समध्ये उभं राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरू शकतो, डोपाने आणखी उतरतो. त्यात गौथंगसारखी रक्तदाब कमी करणारी वेल घातली की पहाटे बाथरूमला उठलेला माणूस पडतो आणि खुब्याचं हाड मोडून घेतो.

दुसरा, डोपामीनच्याच विरुद्ध काम करणारी औषधं. चिनी परंपरेत दुखण्यावर यान-हू-स्वो नावाचा कंद देतात. त्यातला मुख्य घटक डोपामीनचा मार्ग अडवतो. चीनमध्ये रक्तदाबावर स्वस्तात मिळणाऱ्या काही जुन्या मिश्रगोळ्यांत रेझर्पिन असतं, आणि आपल्याकडच्या सर्पगंधेच्या गोळ्यांतही. सशांचं काय झालं ते वर आलंच आहे. तसं पाहिलं तर आपल्या शेजारच्या मेडिकलमध्ये पित्तावर मिळणारी लेव्होसल्पिराइड आणि चक्करेवर मिळणारी सिनारिझिन हेच काम करतात, तेव्हा बोट एकट्या चीनकडे दाखवायला नको.

तिसरा, औषधांची आपसांत गाठ पडणं. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन ही पार्किन्सन्सवरची औषधं चालू असतील तर सर्दी-दम्यावरचं मा-ह्वांग नको, रक्तदाब भडकू शकतो. ज्येष्ठमध रोज, महिनोन्महिने पोटात गेला तर पोटॅशियम उतरतं, पायांना सूज येते, अशक्तपणा येतो, आणि तोही आजाराच्याच खात्यावर लिहिला जातो. लोहामुळे डोपाचं शोषण घटतं. काही काढ्यांत लोहाचं खनिजच कुटून घालतात. म्हणून काढा घ्यायचाच असेल तर डोपाच्या गोळीबरोबर नको.

चौथा, विष आणि बनावट. बचनागाच्या जातीचे कंद नीट शिजवले नाहीत तर हृदयाचे ठोके बिघडतात. केस काळे करण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या ह-शौ-वूने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि बेल्जियममध्ये 1990 नंतर घडलेला प्रकार तर अंगावर काटा आणणारा आहे. वजन कमी करण्याच्या गोळ्यांत फांग-ची या मुळीऐवजी नावात साम्य असलेली दुसरीच मुळी गेली. तिच्यातल्या ॲरिस्टोलोचिक आम्लाने अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं कायमची निकामी केली, काहींना पुढे कर्करोग झाला. चीनने ती मुळी 2004 मध्ये औषधांतून काढून टाकली. वजन कमी करायला गेलेल्या त्या स्त्रियांनाही ‘हर्बल’ असंच सांगितलं होतं.

कुठल्या तक्रारीवर विचार करता येईल?

बद्धकोष्ठ. पार्किन्सन्समध्ये ते थरथर सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून असू शकतं, आणि आतडं मंद असलं की डोपाही वेळेवर लागू होत नाही. भांगेच्या बियांची मा-झ-रन-वान ही जुनी गोळी हाँगकाँगमध्ये खोटी गोळी देऊन तपासली गेली आणि साध्या बद्धकोष्ठावर उपयोगी ठरली, मात्र ते रुग्ण पार्किन्सन्सचे नव्हते. तरी आधी पाणी, चोथा, इसबगोल, चालणं. ते करून झाल्यावर पुढचं.

दुसरी तक्रार म्हणजे चिडचिड आणि भास. यि-गान-सान हे मुळात लहान मुलांच्या झटक्यांसाठीचं चिनी मिश्रण जपानमध्ये ‘योकुकानसान’ नावाने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना डॉक्टरच लिहून देतात. त्यातही ज्येष्ठमध आहे, म्हणून पोटॅशियम तपासत राहावं लागतं.

थरथरीसाठी म्हणून मी कुणालाही काढा सुचवणार नाही.

ॲक्युपंक्चर आणि ताई ची?

ताई चीला मोकळेपणाने हो. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये 195 रुग्णांवर झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्यातून दोनदा, 24 आठवडे ताई ची करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा तोल जाऊन पडले. चिनी परंपरेतून पार्किन्सन्सला मिळालेली सर्वांत भक्कम गोष्ट ही आहे, आणि ती पुडीत बांधून विकता येत नाही. ताई ची शिकवणारं जवळ कुणी नसेल तर नृत्य किंवा देखरेखीखालचा योग चालेल. मुद्दा सावकाश वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याचा आहे.

ॲक्युपंक्चरचा पुरावा काढ्यांसारखाच, मिश्र. महाराष्ट्रात त्यासाठी 2015 चा कायदा आहे आणि परिषद आहे, तेव्हा निदान नोंदणी असलेला माणूस शोधता येतो. चिनी वनौषधींचं तसं नाही. आयुष मंत्रालयाच्या पद्धतींत त्या नाहीत, त्यामुळे भारतात ‘चिनी औषधांचा वैद्य’ अशी पाटी लावणाऱ्याची पात्रता तपासायला जागाच नाही.

मुलगा सिंगापूरला असतो. तिथल्या वैद्याकडून आणवलं तर?

ऑनलाइन मागवण्यापेक्षा ते नक्कीच बरं. सिंगापूर आणि हाँगकाँग दोन्हीकडे चिनी वैद्यांना सरकारी नोंदणी सक्तीची आहे. पण वैद्याने रुग्णाला पाहिलेलंच नसताना मुलाने फोनवर लक्षणं सांगून आणलेला पुडा म्हणजे नाडीपरीक्षेवर उभ्या असलेल्या शास्त्राची नाडी न पाहताच परीक्षा. वडील तिकडे जाणार असतील तेव्हा दाखवावं. त्यांच्या चालू गोळ्यांची इंग्रजी यादी वैद्याला द्यावी आणि घटकांची नावं लॅटिनमध्ये लिहून घ्यावीत. चिनी अक्षरांची चिठ्ठी इथल्या तातडीच्या विभागात कुणालाही वाचता येणार नाही.

न्यूरॉलॉजिस्टना सांगितलं तर ते रागावतील.

काही रागावतात, हे खरं आहे. तरी सांगा. डबा सोबत न्या, नाहीतर त्याच्या चारही बाजूंचे फोटो काढून न्या. सुरू करण्याआधी यकृत, मूत्रपिंड आणि पोटॅशियमच्या तपासण्या करून घ्या आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा करा. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा, नाहीतर कशाने काय झालं ते कुणालाच कळणार नाही. गोळ्यांच्या वेळा, ‘ऑन’-‘ऑफ’चे तास, झोप, शौच आणि बसून-उभं राहून मोजलेला रक्तदाब एका वहीत लिहीत राहा. दोन महिन्यांत वहीत फरक दिसला नाही तर काढा बंद करा, कुणी कितीही म्हटलं की ‘अजून तीन महिने द्या’.

बोलायला माणसं हवी असतील तर पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, आणि मुंबईत 2001 पासून काम करणारी पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. असले डबे घरात आणून, वापरून आणि टाकून दिलेले शुभंकर तिथे भेटतील.